बावीस घरं, तीन कार्डं

२७ डिसेंबर १९९८, रविवार

सकाळी सव्वानऊला कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं तर आतून एक लांब शिट्टी आली, मागून दोन आखूड, आणि स्क्रीन काळीच राहिली. बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. बायको, गीता, चुलीपुढून म्हणाली, "कोनी शेपटावर पाय दिल्यागत वरडतंय की." तिला काय जातंय बोलायला.

पेन्शनीत बसल्यापासून डायरी कोरीच पडली होती. आजपासून लिहायला घेतो. उद्या कोणी विचारलं की काम का रखडलं, तर माझ्याकडं नोंद पाहिजे. ऑफिसची सवय, दुसरं काय.

काम असं आहे. गावाच्या वरच्या अंगाला, निंबाच्या मळ्याशेजारी, आमच्या वस्तीतल्या बावीस कुटुंबांना घराला जागा मिळायची आहे. सात वर्षं अर्ज चालले. आता कचेरीनं सांगितलंय, प्लॉटांचा नकाशा ३१ मार्चच्या आत द्या, नाहीतर प्रस्ताव रद्द. बाहेरचा माणूस नकाशाचे जेवढे मागतो तेवढ्यात एका घराचा पाया भरेल. बैठकीत मी उभा राहून म्हटलं, मी देतो काढून, फुकट. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. दुसऱ्यांच्या शेतात पाणी जावं म्हणून मैलोन् मैल पाट काढले. आपल्या माणसांसाठी एक रेघ काढायची वेळ कधी आली नव्हती.

आमचे वडील, दादा, मोजणीवाल्यांची साखळी ओढायचे. हद्दीचा दगड कुठं पुरलाय हे अख्खं गाव त्यांना विचारायचं, आणि दादा दाखवतील ती हद्द. पाटलाच्या रानाची हद्द दादांनी सांगायची आणि दादांनी स्वतः राहायचं वेशीबाहेर. हे मी विसरलेलो नाही.

दोन वर्षांपासून माझा हात कापतो, म्हणून कागदावरचं काम बंद पडलं होतं. प्रज्ञानं, म्हणजे आमच्या लेकीनं, तिच्या पुण्याच्या ऑफिसातून निघालेला हा कॉम्प्युटर आणून दिला आणि नकाशा काढायचा प्रोग्राम शिकवला. मशीनचा हात कापत नाही. माझं सगळं पुन्हा सुरू झालं होतं, आणि आता ही शिट्टी.

२९ डिसेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून एस.टी.नं नगरला नेला. कंडक्टर म्हणाला, "काका, पेशंट आहे का?" म्हटलं, हो, आणि सीरियस आहे.

माळीवाड्याच्या बाजूला जिन्याखाली रविराजचं दुकान आहे. पोरगा हुशार, फट्कन बोलणारा. झाकण काढून दोन मिनिटांत म्हणाला, "काका, डिस्प्ले कार्ड उडालंय. बाकी सगळं जिवंत आहे. फक्त चित्र काढून स्क्रीनकडं पाठवणारा गेला."

"म्हणजे आरेखक मेला," मी म्हटलं. तो हसला, मला काही हसू आलं नाही.

मग निवड. त्याच्याकडं तीन प्रकार होते. जुन्या मशीनमधून काढलेलं एक एमबीचं, नवं दोन एमबीचं, आणि चार एमबीचं, ज्याची किंमत ऐकून मी पुन्हा विचारली. याहून भारी एक नवीन जात आली आहे म्हणे, पण तिला बोर्डावर वेगळी खाच लागते, ती आपल्यात नाही. माझा विश्वास बसेना. खिशातली सहा इंची पट्टी काढून खाच मोजली. खरंच नाही.

"तुम्ही गेम खेळणार का?" त्यानं विचारलं. म्हटलं, मी सरळ रेघा काढतो. तो म्हणाला, "मग एक एमबी रग्गड झालं. रेघेला काय लागतंय." जुनं घेतलं. पेन्शनीत तेवढंच बसतं.

३० डिसेंबर, बुधवार

कार्ड लागलं, स्क्रीन आली, नकाशा जसाच्या तसा आहे. मला इतका आनंद झाला की मी गीताला हाताला धरून खोलीत आणलं. ती साक्षरता वर्गाला जाते, मीच तिला घरी गिरवून घेतो. स्क्रीनवर बोट ठेवून तिनं वाचलं, "बु-द्ध-वि-हा-र." अजून बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नाही बाईला. पण वाचलं.

९ जानेवारी १९९९, शनिवार

कार्डात खोट आहे.

प्लॉट नंबर सात आणि आठमधली गल्ली बघत होतो. रेघ मधोमध वाकते. वर सरळ, खाली सरळ, आणि मध्ये कोणी अंगठ्यानं दाबल्यासारखी. आधी वाटलं माझ्याकडून माउस हलला. पुसून पुन्हा काढली. पुन्हा तेच.

रेघ तपासायची माझी पद्धत खात्यात प्रसिद्ध होती. खरं तर मला एकच डोळा आहे. डावा लहानपणी बाभळीच्या काट्यानं गेला, त्याला नुसता उजेड-अंधार कळतो. उजवा मात्र असा की साहेब लोक आपली ड्रॉइंग माझ्यापुढं धरायचे, "भीमराज, बघा हो जरा." मी बघितलं की झालं, पट्टी लावायची गरज नाही. त्या डोळ्यानं मला आजवर कधी फसवलं नाही. त्यामुळं खोट कुठं आहे हे मला विचारायची गरज नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

पुरावा असावा म्हणून ट्रंकेतला ग्राफ पेपर काढला आणि स्क्रीनशेजारी भिंतीला डकवला. चौकोन चौकोनाशी पडताळून बघू म्हटलं. तर ग्राफ पेपरही मधे फुगलेला! ट्रंकेत ओल लागली असणार. इस्त्री फिरवून घेतली, तरी फुगवटा जाईना. हल्ली कागदच असा येतो, आमच्या वेळचा कागद राहिला नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

पुन्हा नगर. रविराजनं कार्ड स्वतःच्या मशीनला लावलं आणि म्हणाला, "काका, मला तर सरळ दिसतंय." मी बोट ठेवून दाखवलं, इथं बघ. त्यानं बघितलं. मग दुसरीकडं बोट ठेवलं, आता इथं बघ, इथंही मोडते. आश्चर्य म्हणजे मी जिथं नीट बघतो नेमकी तिथंच मोडते, आणि नजर काढली की मागची सरळ होते. चोरासारखं कार्ड आहे. मी हे त्याला सांगितलं, तर त्यानं कार्ड सोडून माझ्या चष्म्याकडं बघितलं.

"चष्मा कधी बदलला होता काका?"

चष्मा! मी काय म्हणतोय आणि हा काय विचारतोय. म्हटलं, बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी रेघा बघतोय. शेवटी जुनं परत घेऊन त्यानं दोन एमबीचं दिलं, वरचा फरक घेतला. पोरगं प्रामाणिक आहे, पण अनुभव नाही.

२६ जानेवारी, मंगळवार

शाळेत झेंडावंदन. नवीन खांब बसवलाय तो चक्क मधे वाकलेला. मी सरपंचांना म्हटलं, ठेकेदारानं चुना लावला तुम्हाला. सगळे वर बघायला लागले. कोणी काही बोललं नाही. सरपंचाच्या तोंडावर कोण बोलणार.

३ फेब्रुवारी, बुधवार

दोन एमबीचंही तसलंच. उलट जास्त. आता रेघेच्या मध्ये करडा ठिपका येतो, धुरकट, चवलीच्या नाण्याएवढा.

गीताशी वाजलं. सकाळी कपात चहा ओतताना थोडा बशीबाहेर गेला, तर म्हणाली, "अहो, डोळं दावा कोनाला तरी." मी म्हटलं, चहा सांडला म्हणून कोणी दवाखान्यात जातं का? ती म्हणाली, "काल शेवगावच्या स्टँडवर गाडीची पाटी म्या वाचली, तुमी न्हाई." अगं, तुला नवीन नवीन वाचता येतंय, हौस आहे, म्हणून वाचू दिली! तर हिनं त्याचं हे केलं. दुपारी दोघांनी न बोलता भाकरी खाल्ली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. डोळ्याची नाही. ३१ मार्चची. रोज सकाळी कचरू येतो. कचरू माझा लहानपणचा सोबती, गवंडी आहे. जिल्हाभर लोकांचे बंगले बांधले आणि स्वतः पत्र्याच्या खोपटात राहतो. त्याचा प्लॉट नंबर अकरा. येतो, स्क्रीनपुढं उकिडवा बसतो, आणि विचारतो, "माझं घर कुटं आलं, भीमा?" मी दाखवतो. "दार कुनीकडं?" मी सांगतो, पूर्वेला. रोज तेच विचारतो आणि रोज तेवढाच खूष होतो.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज वस्तीची बैठक झाली. मी उभा राहून खरं ते सांगितलं, की कार्ड हलकं आहे, रेघा मोडतात, अशा मशीनवर नकाशा नीट होणार नाही. कोणी तोंड वाकडं केलं नाही. सहादेवनं जयंतीची वर्गणी ठेवलेला डबा आणला आणि म्हणाला, "औंदा बँड ऱ्हाऊ द्या. घराचं काम व्हऊ द्या." बायांनीही माना हलवल्या. चौदा एप्रिलला बँड नाही असं आमच्या वस्तीत माझ्या आठवणीत झालेलं नाही. नुसता जय भीम म्हणून खाली बसलो.

११ फेब्रुवारी, गुरुवार

चार एमबी. रविराज विकायला तयार होईना. असा दुकानदार मी पाहिला नाही. म्हणतो, "काका, पैसे घ्यायला मला काय होतंय? पण मनाला पटत नाही. कार्डात काही दोष नाही हो. आधी इथंच पुढच्या चौकात डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मी येतो सोबत."

मी म्हटलं, हे बावीस घरांचे पैसे आहेत, आणि तुझ्याकडं द्यायचं नसेल तर शेजारी दुकान आहे. तेव्हा दिलं. मी डबा गोधडीत बांधत होतो तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हळू बोलत होता, माझ्याकडं बघून. बघू दे.

१५ फेब्रुवारी, सोमवार

चार एमबीवर रंग सुरेख दिसतात. रेघ मोडते ती मोडतेच.

आज बराच वेळ नुसता बसून होतो. मग विचार केला, आरेखकाचं काम काय? वाईट पट्टी मिळाली तर वाईट पट्टीवर सरळ रेघ काढायची. प्रोग्रामात सोय आहे. रेघेला मध्ये गाठ मारायची आणि ती गाठ धरून ओढायची. जिथं रेघ उजवीकडं पडते तिथं मी तिला डावीकडं ओढून सरळ करतो. एकेका रेघेला पाच-सहा ठिकाणी करावं लागतं. आज तीन प्लॉट सरळ केले. डोकं दुखतंय, पण मार्ग सापडला.

२७ फेब्रुवारी, शनिवार

वीसएक प्लॉट सरळ झाले. प्रज्ञा आली आहे, उद्या दुपारच्या गाडीनं परत जाणार. बारीक झाली पोरगी. मी तिला मोठ्या हौसेनं नकाशा दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाबा, ह्या रेघा तुम्ही हलवल्यात का?"

म्हटलं, सरळ केल्यात. कार्ड मोडतं ना.

तिनं माउस बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर पुण्याला चला. एकच दिवस. डोळे दाखवू." गीतानं हिला पत्र लिहिलं असणार, दुसरं काय! म्हटलं, एकतीस मार्च होऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडं. तिनं पुन्हा म्हटलं, मी पुन्हा तेच म्हटलं. शेवटी माझा आवाज चढला. पोरीवर मी आयुष्यात दोनदा ओरडलो असेन, त्यातलं हे एक. वाईट वाटलं, पण माफी काही मागितली नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी विहाराच्या बैठकीला गेलो तो यायला दीड वाजला. आलो तर प्रज्ञा गाडीला निघून गेलेली. गीता म्हणाली, सकाळपासून कॉम्प्युटरपुढंच बसली होती, जेवलीही नाही धड. टेबलावर एक फ्लॉपी ठेवून गेली आहे, तिला रबरानं चिठ्ठी लावली आहे. पोरीचं अक्षर फार बारीक झालंय, आणि निळ्या पेनानं लिहिलंय. उद्या उन्हात वाचीन. फ्लॉपी आणि चिठ्ठी दोन्ही ड्रॉवरात ठेवली.

१ मार्च, सोमवार

कपाळाला हात लावायची वेळ आली. मशीन चालू केलं तर सगळा नकाशा पुन्हा मोडलेला! मी पंधरा दिवस खपून सरळ केलेली एकही रेघ जागेवर नाही. सगळ्या पुन्हा मधे फुगलेल्या, पहिल्या दिवशी होत्या तशा. कार्डानं सगळं खाल्लं. मी खुर्चीत बसून रडलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. गीतानं पाठीवर हात ठेवला, मी झटकला.

परत पहिल्यापासून.

७ मार्च, रविवार

आप्पासाहेबांच्या किराणा दुकानात प्रज्ञाचा फोन आला, ते बोलवायला आले. तिनं विचारलं, "बाबा, चिठ्ठी वाचली ना?"

म्हटलं, वाचली.

खरं तर उन्हात नेऊन बघितली होती, पण लागली नाही. आता दुकानात चार माणसांसमोर, स्वतः जिला अ आ ई शिकवलं त्या पोरीला काय सांगू, की तुझं अक्षर मला लागत नाही? असेलच की तब्येतीचं काहीतरी, वेळेवर जेवा वगैरे.

"मग ऐकाल ना बाबा माझं?"

"ऐकतो की," म्हटलं.

ती इतकी हसली फोनवर. बरं वाटलं.

२२ मार्च, सोमवार

बावीस प्लॉट, तीन गल्ल्या, विहाराची जागा. सगळं दुसऱ्यांदा सरळ केलं. आता ठिपका मोठा झालाय, रुपयाएवढा. त्याच्या कडेकडेनं बघून काम केलं. कचरूनं विचारलं, माझं घर कुठं आलं. मी दाखवलं. तो या वेळी बराच वेळ बघत राहिला आणि दार कुणीकडं ते विचारायचं विसरला.

२४ मार्च, बुधवार

मशीनवरचा नकाशा कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून नगरला मोठ्या कागदावर छापून घेतला, तसाच कचेरीत दिला, पोच घेतली. छापताना दुकानदार म्हणाला, "काका, असाच छापायचा?" म्हटलं, असाच म्हणजे? छाप. येताना पेढे घेतले. शिक्का बसलेला पोचेचा कागद गीताला दिला, तिनं डब्यात ठेवला.

३० मार्च, मंगळवार

कचेरीतून बोलावणं आलं. मी, कचरू आणि सहादेव गेलो. टेबलामागच्या बाईंनी नकाशा उलगडून माझ्यापुढं ठेवला. वयानं प्रज्ञाएवढ्या असतील, आवाजात तुच्छता नव्हती, हे मी लिहून ठेवतो. म्हणाल्या, "काका, मापं बरोबर लिहिलीत, पण रेघा मापाला जुळत नाहीत. सगळ्या वेड्यावाकड्या आहेत. एका प्लॉटची भिंत दुसऱ्यात शिरतेय. हा मला पुढं पाठवता येणार नाही. उद्या पाचपर्यंत दुसरा आणा."

मी म्हटलं, छापणाऱ्याच्या मशीनमध्ये खोट आहे.

मग मी म्हटलं, कागद फुगलाय. तेव्हा कचरूनं माझा दंड धरला आणि म्हणाला, "चल भीमा." बाहेर आल्यावर सहादेव एका बाजूला जाऊन उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

गाडीत कचरूनं विचारलं, "तुला ह्यो सरळ दिसतो?" आणि नकाशा माझ्या मांडीवर पसरला. म्हटलं, हो. सरळच आहे. मी स्वतः केलाय.

३१ मार्च, बुधवार

सकाळी आठला कचरू आला. हातात त्याची गवंड्याची दोरी. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं अंगणातल्या खांबाला, आणि अशी ताणली की बोटानं छेडली तर तार वाजावी तशी वाजली.

"कार्डात खोट म्हनलास. कागदात म्हनलास. झेंड्याच्या खांबात म्हनलास. म्या चाळीस वर्सं ह्या दोरीवर भिती घेतल्या. वढलेली दोरी वाकत न्हाई. आता बघ हिकडं."

बघितलं. दोरी मधे वाकली होती.

डोकं हलवलं. वाक माझ्याबरोबर हलला. दाराकडं बघितलं, दाराशी वाकली. खांबाकडं बघितलं, खांबाशी वाकली. मग मी कडीपासून दोरीवर बोट ठेवून चालत गेलो. बोटाला दोरी सरळ लागत होती, खांबापर्यंत सरळ. आणि मधे ठिपक्यात माझं बोटच दिसेना.

मी म्हटलं, "कचरू, कार्ड चांगलं होतं रे." त्यानं दोरी सोडली आणि गुंडाळली. गीता दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता.

कचेरीनं दिलेले पाच वाजले ते मला शाळेच्या घंटेनं कळलं नाही, शाळा तेव्हा सुटलेली असते. पण कळलं.

६ एप्रिल, मंगळवार

नगरला दवाखान्यात. प्रज्ञा पुण्याहून आली होती. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, दिवा मारला, आणि एक कागद पुढं धरला. चौकोनाचौकोनाचा, मधे ठिपका. आमचा ग्राफ पेपर! म्हणाले, ह्या रेघा कशा दिसतात? म्हटलं, मधे फुगलेल्या, आणि मधलं काही दिसतच नाही.

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झालं होतं, ते वाळून आता तिथं व्रण झालाय. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. वाचणं, लिहिणं, रेघ, हे परत येणार नाही. सुरुवातीलाच आला असतात तर लेसरनं कदाचित थांबवता आलं असतं, म्हणाले.

"रेघ वाकडी दिसायला लागून तीन महिने झाले म्हणता. मग इतके दिवस काय करत होता?"

गीता म्हणाली, "कार्ड बदलीत हुते."

डॉक्टरांना कळलं नाही. प्रज्ञानं भिंतीकडं तोंड केलं.

१४ एप्रिल, बुधवार

हे गीता लिहिते आहे, मी सांगतो आहे. माझ्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या.

प्रस्ताव रद्द झाल्याचं पत्र परवा आलं. ती जागा आता गोदामासाठी मागितली आहे म्हणे. बँड नव्हता. विहारात मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मला कोणी काही बोललं नाही. बायांनी नेहमीसारखी खीर दिली. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कचरू शेजारी येऊन बसला आणि त्यानं त्याचं घर कुठं आलं ते विचारलं नाही.

घरी आल्यावर गीतानं ड्रॉवर आवरताना फ्लॉपी काढली आणि विचारलं, हे काय. म्हटलं, प्रज्ञाची आहे, चिठ्ठी आहे बघ तिला. तिनं बोट ठेवून वाचली. मी सांगतो, तशीच उतरवून घे, गीता.

"बाबा, सगळ्या रेघा जागेवर आणल्यात. मी प्रत्येक माप दोनदा तपासलंय. तुम्हाला वाकड्या दिसतील, पण त्या सरळ आहेत. मशीनवरच्या बदलल्यात तरी चालेल, पण कचेरीत ही फ्लॉपीच छापून द्या. माझ्यावर विश्वास ठेवा. रागावू नका. तुमची प्रज्ञा."

बास. पुढं लिहू नको.

हे म्हनत्यात लिवू नको. पन मी लिवते. चिठी दीड म्हैना घरात हुती. मला वाचाया येतं. यांनीच शिकिवलं. एक डाव म्हनले आसते, गीता, वाच गं एवढं, तर म्या वाचली आसती.